ब्रेक लागतो, म्हणून तो चांगला आहे का?

प्रश्न : काका, लष्कराच्या लिलावातून आलेला निस्सान वन टन ट्रक घेतला. आधीच्या मालकाने तो दोन पावसाळे माडाखाली उभा ठेवला होता. बॅटरी घातली, प्लग पुसले, इंजिन लागलं. ब्रेकही लागतो. दसऱ्याला घरच्यांना मागे बसवून चोर्ला घाटातून बेळगावला जाऊ का?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : नको. यंदाचा दसरा घरीच करा.

इंजिनाची मला काळजी नाही. हे सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन लष्कराच्या जोंगा जीपलाही होतं, फार सोशीक आहे. ईएमईत, म्हणजे लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाखेत, २२ वर्षं मी ह्याच गाड्यांखाली झोपून काढली, आणि मला भीती वाटते ती उभ्या राहिलेल्या गाडीच्या ब्रेकची. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्याकडे पावसात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, तिथे पेडलने ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचं झाकण किती अडवणार? नवीन डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल साधारण २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरलेलं १४० च्या आसपास. पायथ्याच्या केरीहून चढताना काही कळणार नाही. परतीच्या उतारावर चाकांमधले ब्रेक ड्रम तापतात, ऑइलात वाफ धरते आणि पेडल थेट खाली टेकतं. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. तुमचा सगळा जोर ती वाफ दाबण्यातच जातो.

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्याकडे असाच एक वन टन आला. त्याचाही ब्रेक लागत होता. मागच्या डाव्या चाकाचा ड्रम उतरवला, चाकातला ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलिंडरची रबरी टोपी नखाने उचलली, तर चहाच्या रंगाचं पाणी बोटावर ओघळलं. एक पिस्टन हलत होता, दुसरा जागच्या जागी गंजून बसलेला. ठोकून काढला, तर आत खळगे, नख अडकेल असे. तो मालक महिनाभर त्याच ब्रेकवर मुलांना शाळेत सोडत होता.

म्हणून चारही ड्रम उतरवा. व्हील सिलिंडरच्या आत नख अडकलं तर पॉलिश पेपर मारून भागवू नका, आत स्लीव्ह (नवी नळी) बसवा किंवा सिलिंडर बदला. ऑइलच्या रबरी नळ्या (होज) बाहेरून कितीही चांगले दिसोत, बदलाच; आतून फुगले की ब्रेक लागतो पण सुटत नाही. लोखंडी पाइप क्लिपखाली खरवडून पाहा, खारी हवा तिथेच आधी खाते. ऑइल कमी पडलं तर थोडं इंजिन ऑइल टाका, असं सांगणारा कुणीतरी भेटेलच. त्याचं ऐकू नका, रबर फुगून सगळं जाम होतं. नवीन ऑइल भरून, पाइपांतली हवा काढून, सपाट रस्त्यावर दहाएक किलोमीटर फिरवा आणि प्रत्येक ड्रमजवळ हात नेऊन पाहा. एखादा जास्त तापला असेल तर तिथे ब्रेक धरून राहतोय, गार राहिला तर लागतच नाही. हे जमलं की मग घाट. उतरताना खालचा गियर ठेवा, आणि डांबरी रस्त्यावर फोर व्हील ड्राइव्ह टाकू नका.

प्रश्न : आजोबा होडीला काजूच्या टरफलांचं तेल लावायचे. ट्रकच्या चेसिसला लावलं तर गंज थांबेल का?
— एक वाचक, मांद्रे

उत्तर : लाकूड ते तेल पितं, लोखंड पीत नाही. गंजावर लावलंत तर ओल खालीच कोंडेल. शिवाय कच्चं तेल कातडी भाजतं. (ह्याच तेलापासून केलेली भुकटी ब्रेक लायनिंगमध्ये वापरतात, तिथे ते खरं कामाचं.) तारेच्या ब्रशने गंज काढा, चेसिसमधली पाणी जायची भोकं मातीने बुजली असतील ती मोकळी करा, मग प्रायमर. किनाऱ्यावरून आलात की गोड्या पाण्याने धुवा.

प्रश्न : वडिलांनी जपलेला लष्करी शक्तिमान ट्रक आहे. पंक्चरवाला चाकाची रिंग हातोड्याने बसवतो, ते बरोबर आहे का? नंतर मूळचा हिरवा रंग द्यायचा आहे.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, त्याला थांबवा. ट्यूबमध्ये हवा असताना टायर जागेवर धरणाऱ्या लॉक रिंगला हातोडा लावायचा नाही. नोकरीत माझ्या डोळ्यांदेखत एक रिंग उडाली आणि माझ्या सोबत्याचं मनगट कायमचं गेलं. खोलायच्या आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडायची. रिंग गंजून पातळ झाली असेल किंवा दुसऱ्या चाकाची असेल तर ती फेकून द्यायची. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवायचं, लांब नळीने भरायचं आणि माणसांनी बाजूला उभं राहायचं. ज्याच्याकडे पिंजरा नाही, त्याच्याकडे शक्तिमानचं चाक नेऊ नका.

ऑलिव्ह ग्रीन मात्र देता येणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ नुसार तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. वाळूसारखा फिकट रंग द्या, त्यावर गंजाचा पहिला ओघळ लगेच दिसेल.