चाळिशीनंतर पोहायला शिकायचे आहे, पण भीती जात नाही. मनाची तयारी झाली हे कसे ओळखावे?

तुम्ही लिहिले आहे की, तुमचे वय ४२ आहे, दहा वर्षांपासून पोहायला शिकण्याची इच्छा आहे, दोनदा शुल्कही भरले आणि दोन्ही वेळा तलावाच्या फाटकावरून परत आलात. भीती आधी जावी लागते की शिकता शिकता जाते, आणि आपली तयारी झाली हे कशावरून कळते, असा तुमचा प्रश्न आहे. मी नाशिकची, पंचवटीत वाढलेली. वयाच्या ४६व्या वर्षी पोहायला शिकले आणि त्याआधीची किमान वीस वर्षे तयारी होण्याची वाट पाहण्यात घालवली, म्हणून पोहण्यापेक्षा वाट पाहण्याविषयी मी अधिक अधिकाराने बोलू शकते.

गोदाकाठी वाढलेल्या बाईला पोहता येत नव्हते याचे परगावच्या लोकांना नवल वाटते. आमच्या घरात मात्र नदी ही पाया पडण्याची आणि लांबून पाहण्याची गोष्ट होती. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागले, कंबरेला लागले, छातीला लागले, अशी पुराची मोजणी घराघरांत चालते, आणि काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत पाणी चढले की तो महापूर समजला जातो. अशा गावात पाण्याचा धाक वेगळा शिकवावा लागत नाही. त्यातच मी सात वर्षांची असताना नदीच्या घाटावरच्या गांधी तलावाच्या शेवाळलेल्या पायरीवरून माझा पाय घसरला, नाकातोंडात पाणी गेले आणि कोणीतरी दंडाला धरून मला वर ओढले. सगळा प्रकार चार-पाच सेकंदांचा होता, पण आजीने त्याची कथा केली आणि घरी पाहुणे आले की ती कथा सांगितली जाऊ लागली. प्रत्येक वेळी पाणी थोडे अधिक खोल होत गेले. माझी भीती त्या पायरीवर जन्मली असेल, पण ती पोसली गेली आमच्या ओसरीवर.

‘एकदा उडी मारा, भीती आपोआप पळेल’ हा सल्ला तुम्हालाही मिळाला असेलच. निफाड तालुक्यातील माझ्या आजोळी माझे सगळे मामेभाऊ असेच शिकले. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, आणि काठावर मामा उभा असताना विहिरीत ढकलून द्यायचे. दहा वर्षांच्या पोराला, डब्यासह आणि मामासह, ही रीत कदाचित मानवत असेल. मी तिशीत असताना एका खाजगी तलावावरील प्रशिक्षकाने तिसऱ्याच दिवशी मला खोल बाजूला ढकलले. तेथे डबाही नव्हता आणि मामाही नव्हता. त्याने मला लगेच बाहेर काढले, हसून पाठही थोपटली, पण त्यानंतर बारा वर्षे मी कोणत्याही तलावाकडे फिरकले नाही. प्रौढ माणसाला असे ढकलले की त्याच्या भीतीला हवा असलेला पुरावा मिळतो.

आता तुमच्या फाटकाविषयी. तेथून मागे वळल्यावर छाती हलकी होते आणि ‘आज नको, पुढच्या महिन्यात पाहू’ असे म्हणत माणूस समाधानाने घरी येतो, हे मी इतक्यांदा अनुभवले आहे की त्या सुटकेची चवसुद्धा मला आठवते. आमच्या बाबतीत ती परतीच्या वाटेवरच्या चहाची होती. घोटाळा नेमका तेथे आहे. टाळल्यामुळे सुटका झाली हे मन शिकते, म्हणून पुढच्या वेळी ते अधिक लवकर, अधिक जोराने टाळायला सांगते. त्यामुळे घरी बसून भीती ओसरण्याची वाट पाहिली तर ती ओसरत नाही, उलट मुरते.

माझी गाडी हलली ती दुसऱ्या एका प्रशिक्षिकाबाईंच्या प्रश्नाने. मी ‘मला पाण्याची भीती वाटते’ असे सांगताच त्यांनी विचारले, “आंघोळ करता ना? मग पाण्याची कशी? नेमकी कशाची ते सांगा.” उत्तर सापडायला मला दोन दिवस लागले. खोलीची नव्हे, थंडीची नव्हे, लोक हसतील याचीही नव्हे. तोंड पाण्याखाली गेल्यावर पुढचा श्वास केव्हा मिळेल हे आपल्या हातात नसते, याची भीती होती. एवढ्या आकाराची भीती घरच्या बादलीतही मावते, म्हणून त्यांनी मला आधी बादलीकडेच पाठवले.

रोज सकाळी न्हाणीघरात पाटावर बसून, बादली काठोकाठ भरून, मी चेहरा पाण्यात घालत असे. पहिल्या दिवशी श्वास कोंडून धरला आणि तीन आकड्यांतच डोके झटकन वर आले. बाईंनी चूक सांगितली. श्वास कोंडला की शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि जीव घाबरा करणारी ती श्वासाची हाक मुख्यतः त्याच्यामुळे येते. प्राणवायू तेवढ्यात संपलेला नसतो. म्हणून पाण्यात श्वास धरून ठेवायचा नाही, नाकातोंडाने सावकाश बुडबुडे सोडत राहायचे आणि वर येऊन फक्त आत घ्यायचा. नवव्या दिवशी मी बारापर्यंत मोजू शकले. बादलीच्या तळाशी एक जुनी लाल टिकली चिकटलेली होती, तिच्याकडे पाहत मी मोजत असे.

तलावावर गेल्यावर मला वाटले होते की आधी तरंगायला शिकवतील. बाईंनी आधी उभे राहायला शिकवले. छातीइतक्या पाण्यात कठडा धरून आडवे व्हायचे, मग गुडघे पोटाशी घ्यायचे, हात पाण्यावर खाली दाबायचे, पाय तळाला टेकले की डोके वर काढायचे. आठवडाभर फक्त एवढेच. मला तो वेळकाढूपणा वाटला आणि एकदा मी तसे बोलूनही दाखवले. पण ज्या सकाळी हे उभे राहणे न चुकता दहा वेळा जमले, त्याच सकाळी कठड्यावरची बोटे मी स्वतःहून सोडली. भीती होतीच, पोटात कालवत होते, तरी परतीची वाट पायांना माहीत झाली होती. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे हेच उत्तर आहे. या पायरीवरून मागे कसे यायचे हे मला येते का? येत असेल, तर त्या पायरीपुरती तयारी झालेली आहे, मग छाती धडधडो. येत नसेल, तर धीर एकवटण्यात वेळ घालवू नये, आधी मागे येणे शिकावे.

वयाचा प्रश्न फारसा मोठा नाही. फुप्फुसांत हवा भरलेली असली की बहुतेकांचे शरीर चाळिशीतही तरंगते, आणि डोके घाबरून वर उचलले की पाय बुडतात, हेही कोणत्याही वयात खरे आहे. दमा, फेफरे किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि एकटे पाण्यात उतरू नका. तिसऱ्यांदा थेट महिन्याचे शुल्क भरू नका, असेही सुचवीन. आधी परवानगी घेऊन काठावर पाय सोडून अर्धा तास बसा, पण ठरवलेला अर्धा तास पुरा होईपर्यंत उठू नका.

तलावाची एक लांबी न थांबता पोहायला मला अडीच महिने लागले. अजूनही पहिल्या दोन मिनिटांत मी कठड्याजवळच घोटाळते आणि शेजारच्या पोरी हसतात. नदीत मात्र मी उतरत नाही, उतरणारही नाही. ती भीती मी मोडायला घेतलेली नाही. पावसाळ्यात मारुतीच्या कंबरेला पाणी लागले की साऱ्या गावाबरोबर मीही होळकर पुलावर पाहायला जाते, आणि तेथला कठडा अगदी घट्ट धरून उभी राहते.