विहिरीचे पिवळसर पाणी

प्रश्न : कोल्हापूरजवळ आमच्या शेताला लागून असलेला क्रोम प्लेटिंगचा कारखाना बंद पडला, पण विहिरीचे पाणी पिवळसर येते. ते उकळून प्यावे का? जमीन पुन्हा सुधारेल का?

उत्तर : कृपया उकळूनही पिऊ नका, क्रोम प्लेटिंगमध्ये वापरला जाणारा क्रोमियम हा धातू उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. पिवळेपणा लोहामुळेही येऊ शकतो, म्हणून प्रयोगशाळेत एकूण क्रोमियम आणि षट्संयुजी क्रोमियम (त्याचे अधिक विषारी रूप) तपासून घ्या. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, आणि इतक्या अल्प प्रमाणाला रंग नसतो, त्यामुळे पाणी नितळ झाले तरी निर्धास्त होऊ नये.

जमीन सुधारते, मात्र आधी कारखान्याच्या गळक्या टाक्यांखालची माती काढून घातक कचरा म्हणून तिची रीतसर विल्हेवाट लावावी लागते. नंतर भूजलात फेरस सल्फेटसारखे द्रव्य सोडल्यास विषारी षट्संयुजी क्रोमियमचे कमी विषारी त्रिसंयुजी रूप होऊन ते बहुतांशी तेथेच साक्याच्या रूपात बसते. आपल्याकडील काळ्या पाषाणात पाणी भेगाभेगांतून वाहते, त्यामुळे एकाच बोअरच्या नमुन्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. तपासणीचा अहवाल जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच जपून ठेवा.