आधी हिरड्यांचं विचार
सीआरपी (शरीरात दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेला दिसला की लगेच ‘छुपा संसर्ग’ लिहू नकोस. हडपसरच्या एका काकूंचा सीआरपी ८ आला होता. चार दिवसांपूर्वीच त्यांना सर्दी होऊन गेली होती आणि मी ते विचारलंच नव्हतं. दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त घे. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं का, हेही विचार. हिरड्यांचा जुना दाह आणि मधुमेह एकमेकांना वाढवतात.

संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं नाही. डॉक्टर बॅरी मार्शल १९८४ मध्ये हेलिकोबॅक्टर या जठरातल्या जिवाणूचं द्रावण स्वतः प्यायले, तेव्हा त्यानं जठरदाह होतो याचा पुरावा मिळाला. उलट क्लॅमिडिया न्यूमोनिई हा जिवाणू हृदयरोग्यांच्या धमन्यांत सापडला खरा, पण २००५ च्या मोठ्या चाचणीत वर्षभर ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक देऊनही हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. हे दोन्ही शोधनिबंध शेजारी ठेवून वाच. शनिवारी ये, प्रती देते.