सॅक्रिफाइस केला की इंजिनचा बार आधी खाली जातो आणि मग वर चढतो, असं का?

तुम्ही विचारलंय की बुद्धिबळाची लाइव्ह मॅच बघताना कोणी हत्ती नाहीतर घोडा बळी दिला (सॅक्रिफाइस केला) की इंजिनचा, म्हणजे चाली मोजणाऱ्या प्रोग्रामचा, कोण किती वरचढ हे दाखवणारा बाजूचा बार धाडकन खाली येतो आणि थोड्या वेळाने परत वर सरकतो, म्हणजे कॉम्प्युटरला सॅक्रिफाइस कळतच नाही का. खरं सांगू, नाहीच कळत. त्याच्या लेखी बळी वगैरे काही वेगळा प्रकारच नाही, चाल ती चाल. पुढे जमेल तितकं खोल बघायचं, शेवटी जी पोझिशन उभी राहते तिला एक आकडा द्यायचा. दिलेला मोहरा तेवढ्यात वसूल झाला तर चाल भारी, नाहीतर फुकट घालवला.

मी हौसेखातर एकदा छोटंसं इंजिन लिहिलं होतं. प्यादं १, घोडा-उंट ३, हत्ती ५, वजीर ९, बस एवढंच मोजायचं आणि दोघांच्या मिळून पाच चाली बघून थांबायचं. आता पाचवी चाल त्याची स्वतःचीच, त्यामुळे पठ्ठ्या तिथे वजिराने जोर असलेलं (दुसऱ्या मोहऱ्याने राखलेलं) प्यादं खायचा आणि ‘एक प्यादं वर’ म्हणून खूश. सहाव्या चालीला वजीर जाणार हे त्याच्या गावीही नाही! गंमत म्हणजे त्या आशेवर तो दोन चाली तिकडे सरकायचा आणि खरंच खायची वेळ आली की दचकून मागे फिरायचा. याला होरायझन इफेक्ट म्हणतात. उपाय सोपा असतो, ठरलेली खोली संपली तरी मारामारी थांबेपर्यंत खाण्याच्या चाली बघत राहायचं, मगच आकडा द्यायचा.

स्टॉकफिशसारखी मोठी इंजिनं सेकंदाला लाखो पोझिशन्स बघतात, पण सगळंच बघणं त्यांनाही शक्य नाही, म्हणून छाटणी करतात. फुकट मोहरा देणारी चाल रांगेत मागे टाकली जाते आणि सुरुवातीला तिच्याकडे वरवरच बघितलं जातं. खेळाडूने ती पटावर खेळून टाकली की मग इंजिनला झक मारत तिथूनच पुढे बघावं लागतं, पहिल्या काही क्षणांत मोहरा कमी दिसतो, खोली वाढली की पुढचा हल्ला दिसतो. तुमचा बार खाली-वर होतो तो यामुळे.

पण सगळे बळी सारखे नसतात. १९५६ मध्ये १३ वर्षांच्या बॉबी फिशरने (पुढे जगज्जेता झाला तो) डोनाल्ड बर्नविरुद्ध वजीर दिला, तो आजच्या इंजिनला लगेच सापडतो, कारण वसुली शह देत देत समोरच होते. अवघड असतो तो सावकाश फळणारा बळी. स्पेनमधली लिनारेस स्पर्धा, १९९८, टोपालोव विरुद्ध शिरोव, दोघांचे उंट वेगळ्या रंगाच्या घरांवरचे, शिरोवची दोन प्यादी जास्त, तरी बरोबरी होईल असंच कोणालाही वाटेल. शिरोवने ४७व्या चालीला उंट एफ५ वरून उचलून एच३ वर ठेवला, सरळ प्याद्याच्या तोंडात! पण त्याला फक्त एफ५ चं घर मोकळं करून हवं होतं, राजाला तिथून ई४ वर घुसायचं होतं आणि उंट जी२ वर हल्ला करून जात असल्यामुळे त्यात एक चालही वाचत होती. प्यादं वजीर होणार ते कितीतरी चालींनंतर, तोवर हिशोबात नुसता उंटच कमी. त्या काळच्या इंजिनांना ही चाल सापडतच नव्हती, आता वेळ दिला की सापडते.

मधल्या काळात मोजायची पद्धतच बदलली. २०१७ च्या अल्फाझीरोने (गूगलच्या डीपमाइंडचा स्वतःशीच खेळून शिकलेला प्रोग्राम) प्यादी मोजणं सोडून जिंकण्याची शक्यता किती हेच बघितलं, २०२० मध्ये स्टॉकफिशमध्येही न्यूरल नेटवर्क (असंख्य पोझिशन्सवरून शिकलेलं गणित) आलं, त्यामुळे ‘मोहरा कमी पण समोरच्याचा राजा उघडा’ हे आता खोल न जाताही बऱ्यापैकी जाणवतं. (१९९७ च्या मॅचमध्ये सहाव्या डावात आयबीएमच्या डीप ब्लू कॉम्प्युटरने तेव्हाच्या जगज्जेत्या कास्पारोवविरुद्ध घोडा दिला त्याचं फार कौतुक होतं, पण ती चाल ओपनिंग बुकमध्ये (सुरुवातीच्या तयार चालींच्या यादीत) आधीच भरून ठेवलेली होती, मशीनने शोधलेली नव्हती.)

आणि इंजिनचा आकडा धरून चालतो की समोरचा दर वेळी बेस्ट चाल खेळणार. नेदरलँड्समधल्या वाइक आन झे स्पर्धेत १९९९ मध्ये कास्पारोवने डी४ वर हत्ती दिला, टोपालोवने तो घेतला आणि राजा पार पटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत हाकलला गेला. न घेता राजा बी६ वर नेला असता तर काळा, म्हणजे टोपालोव, ठीक होता, आज कुठलंही इंजिन हे सांगतं, पण खुर्चीत बसलेल्या टोपालोवला कोण सांगणार होतं? म्हणून बार मधोमध दिसला तरी इंजिनने सुचवलेली दुसरी-तिसरी लाइनही (पुढच्या चालींचा क्रम) उघडून बघा. एकच चाल वाचवत असेल, बाकी सगळ्या हरत असतील आणि समोरच्याच्या घड्याळात चार मिनिटं उरली असतील, तर आकडा काहीही म्हणो, मी तरी बळी देणाऱ्याच्याच बाजूने बसेन.