कोटेशन पाठवलंय, उत्तर नाही

नाशिकच्या सिडकोतल्या एका मुलाचं पत्र आलंय. वय ३४, अंबडला एका कंपनीत परचेसला आहे. तीन वर्षं रात्री जागून इंग्रजीत कादंबरी लिहिली आणि चार महिन्यांपूर्वी ११ लिटररी एजंटना, म्हणजे लेखकाचं पुस्तक प्रकाशकाला विकून देणाऱ्या मध्यस्थांना, पाठवली. दोघांचा नकार, एक जण म्हणतो २५ हजार भरा मग वाचतो, बाकी आठ गप्प. रात्री दोनला उठून मेल बघतो, बायकोने विचारणंच सोडलंय. 'मावशी, माझं लिखाण इतकं वाईट आहे का?'

अरे बाळा, तू परचेसमध्ये आहेस ना, मग मला सांग, आठवड्याला किती कोटेशनं येतात तुझ्याकडे आणि त्यातल्या किती जणांना तू 'नको' म्हणून कळवतोस? माल खराब असतो म्हणून गप्प बसतोस का, नाही ना, कधी तो माल आत्ता लागत नसतो आणि कधी तर मेल उघडलेलंच नसतं. एजंटचंही तेच. लेखकाच्या कमाईतले साधारण १५ टक्के त्याचे, त्यामुळे आधी हातातल्या लेखकांचं काम बघणार आणि तुझ्यासारख्यांचे मेल उरलेल्या वेळात. कित्येक जण तर वेबसाइटवरच लिहून ठेवतात की इतक्या आठवड्यांत उत्तर आलं नाही तर नकार समजा. ते वाचलंयस का? ज्यांची मुदत उलटली ती नावं खोड, ज्यांनी मुदतच दिली नाही त्यांना चार ओळींचं मेल टाक, एकदाच.

२५ हजारवाल्याला एक रुपया देऊ नकोस. वाचायचेच पैसे मिळाले तर पुस्तक विकायची धडपड तो कशाला करेल? नव्या व्हेंडरला शंभर टक्के अ‍ॅडव्हान्स देतोस का कधी?

मराठीत लिहिली असतीस तर एजंटची भानगडच नव्हती, आपल्याकडे हस्तलिखित थेट प्रकाशकाकडे जातं, पण वाट बघणं तिथेही चुकत नाही हं. मी एकदा जूनमध्ये दिवाळी अंकाला कथा पाठवली, काही उत्तर नाही, मी रडूनबिडून घेतलं, आणि नोव्हेंबरात सार्वजनिक वाचनालयात अंक चाळताना माझीच कथा समोर! १८४० सालचं ते वाचनालय, तिथे मी मोठ्याने 'अगंबाई' म्हणाले. मानधन अजून यायचंय.

आता लिखाण वाईट आहे का, ते न वाचता मी कसं सांगू, आणि ते आठ गप्प लोकही ते सांगत नाहीयेत. पण एक खटकलं, अख्ख्या पत्रात कोणी कादंबरी पूर्ण वाचल्याचं कुठेच नाही. बायकोने तरी वाचलीय का? ती विचारत नाही कारण विचारलं की तुझा चेहरा पडतो. प्रिंट काढून दे तिला, आणि मेलचा पासवर्डही दे. रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला. मेल तिने बघायचं, फक्त रविवारी सकाळी, आणि नकार आलेला असेल तर मिसळ खाऊन झाल्यावरच सांगायचं.