दिवसभर एक्सेल आणि थोडं फोटोशॉप: माऊस कोणता घ्यावा?

आधी हात मोजा. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १८-१९ सेंमी भरला, तर साधारण ११-१२ सेंमी लांबीचा माऊस बसतो. लॅपटॉपसोबत मिळणारे चपटे माऊस दिवसभरासाठी नकोतच. तळव्याला आधार मिळत नाही आणि मनगट टेबलावर घासत राहतं.

डीपीआयच्या (माऊस एक इंच सरकवला की कर्सर किती ठिपके पळतो, त्याच्या) मोठ्या आकड्यांना भुलू नका, ८०० ते १६०० पुरे. नेमकेपणा बिघडतो तो बहुधा विंडोजमधल्या ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ या सेटिंगमुळे. हात जितका झपकन हलेल तितका कर्सर जास्त पळतो, म्हणून अंदाज चुकतो. माऊसच्या सेटिंगमध्ये त्यापुढची बरोबरची खूण काढा. काचेच्या टेबलावर मात्र माऊसखाली मॅट हवीच, साध्या ऑप्टिकल सेन्सरला (माऊसच्या पोटातल्या, उजेडाने पृष्ठभाग बघणाऱ्या डोळ्याला) तिथे पकडायला काही दिसत नाही. आणि कर्सर थरथरला तर माऊस उलटा करून बघा, सेन्सरच्या भोकात केस अडकलेला असू शकतो.