जर्मन तारा थेट मागवायच्या का?

मिरजेहून एका सतारमेकरांनी विचारलं आहे: "सतार-तंबोरे बनवायचा आणि दुरुस्तीचा आमचा घरचा धंदा. जर्मन तारा मुंबईच्या व्यापाऱ्याकडून घेतो. तीन महिन्यांचा माल तो जीएसटीसह 34,000 रुपयांना देतो, दीड महिन्याची उधारीही देतो. तोच माल परदेशी वेबसाइटवर 20,000 ला दिसतो. दीड लाखाची एफडी मोडून वर्षाच्या तारा एकदम मागवू का?"

एफडीला हात लावू नका. थेट मागवायला माझी हरकत नाही, पण तुम्ही म्हणता त्या पद्धतीने नको.

आधी 20,000 चाच माल धरू. कुरिअरचं भाडं 6,000. सीमाशुल्क नुसत्या मालावर लागत नाही, भाडं आणि विमा मिळवून लागतं. हवाई मार्गाने आलेल्या मालाचं भाडं मात्र मालाच्या किमतीच्या 20 टक्क्यांपर्यंतच धरतात, म्हणजे इथे 4,000. विम्याचा आकडा नसेल तर 1.125 टक्के, म्हणजे 225. झाले 24,225. हिशेबापुरतं मूळ सीमाशुल्क 10 टक्के आणि आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी, 18 टक्के धरतो. मूळ शुल्क 2,422, त्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार 242, आणि या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी 4,840. सरकारी भरणा साधारण 7,505 रुपये.

पुढचा खर्च वेबसाइटवर दिसतच नाही. कुरिअर कंपनी तुमच्या वतीने शुल्क आधी भरते आणि त्याचा वेगळा आकार लावते. हाताळणी आणि जीएसटी धरून 1,500 समजा. कार्डाने पैसे दिले तर बँक परकीय चलनावर साडेतीन टक्क्यांपर्यंत कापते, त्यावर जीएसटी, असे आणखी हजारभर. बेरीज जाते 36,000 च्या वर. म्हणजे व्यापाऱ्यापेक्षा दोन हजार जास्त, आणि उधारी गेली ती वेगळीच. तुमचा व्यापारी तुम्हाला लुटत नाहीये.

दुसऱ्या धंदेवाल्याला मी म्हटलं असतं की आयजीएसटीची काळजी नको, तो पुढच्या करातून वळता होतो. तुमचं तसं नाही. हाताने बनवलेली सतार आणि तंबोरा जीएसटीमुक्त आहेत. विक्रीवर कर नाही, त्यामुळे तारांवर भरलेला कर वळता करायला जागाच नाही. तो सरळ तुमच्या खर्चात धरा.

आता वर्षाचा माल, 80,000 चा. वजनाच्या मानाने भाडं कमी पडतं, 10,000 धरू. याच रीतीने सगळा खर्च मिळून होतात 1,23,700 च्या आसपास. व्यापाऱ्याकडे वर्षाला 1,36,000 जातात, म्हणजे 12,300 वाचले. पण एफडीचे एवढे पैसे तारांत अडकतील. माल वर्षभरात हळूहळू संपतो, म्हणून निम्मी रक्कम धरली तरी सात टक्क्यांनी 4,300 चं व्याज बुडतं. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक दर आणखी कमी करते. आणि तार पोलादाची आहे. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत सुटी रिळं कपाटात राहिली की गंज धरतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. एक गेज, म्हणजे तारेची जाडी, चुकीचा आला तर परत पाठवण्याचं भाडं आणि भरलेलं शुल्क यात उरलेली बचतही जाईल.

त्यापेक्षा सतारमेकर गल्लीतल्या आणखी तिघांना गाठा. चौघांनी प्रत्येकी 20,000 ची, अशी एकच ऑर्डर करा. भाडं आणि आकार वाटले गेले की प्रत्येकाला तीन महिन्यांचा माल साधारण 30,900 ला पडतो. वर्षात चार वेळा केलं तर तेवढेच 12,000 वाचतात, एफडी जागेवर राहते आणि माल ताजा मिळतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यासाठी कारागीर एकत्र आलेच होते. कच्च्या मालासाठीही एकत्र यावं, असं मला मनापासून वाटतं.

ज्याच्या नावावर माल येईल त्याने आयात-निर्यात कोड काढावा. फी 500 रुपये, अर्ज ऑनलाइन. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्याची माहिती अद्ययावत करावी लागते, नाहीतर कोड बंद पडतो. बाकी तिघांना त्याने रीतसर बिल द्यावं. कुरिअरकडून बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टममधल्या आयात नोंदीची, प्रत मागून घ्या, ती आपणहून कोणी देत नाही.

ऑर्डर देण्याआधी कुरिअरच्या कस्टम विभागाला एक गोष्ट लेखी विचारा. सीमाशुल्काच्या यादीत वाद्याच्या तयार तारा 9209 30 00 या क्रमांकात येतात. मोठ्या रिळातली तार पोलादी तार म्हणून धरली गेली, तर दरही वेगळे आणि पोलाद आयातीच्या अटीही लागू होतील. विक्रेत्याला पावतीवर वाद्याच्या तारा असा स्पष्ट उल्लेख करायला सांगा. "गिफ्ट लिहितो, किंमत कमी दाखवतो," असं तो म्हणाला तर साफ नाही म्हणा. अधिकारी ती किंमत नाकारू शकतो, दंड तुमच्या नावावर लागतो, आणि पार्सल हरवलं तर भरपाईही त्या कमी किमतीचीच मिळते.

पहिली एकत्र ऑर्डर सुखरूप पोचेपर्यंत मुंबईच्या व्यापाऱ्याशी व्यवहार चालू ठेवा.